देओलिंदाची नवसाची गाय

देओलिंदा बेत्तनकुर समुद्रापलीकडच्या एका बेटावरून कॅलिफोर्नियाच्या या खोऱ्यात आली ती लग्न करून. नवरा गेल्यावर गोठा तिने एकटीने चालवला. बोलणं इतकं मऊ की गाईलाही परवानगी मागितल्यासारखी हाक मारायची. पवित्र आत्म्याच्या सणाला दरवर्षी एक गाय द्यायची, हा तिचा नवस. त्या गाईचा रस्सा साऱ्या वस्तीने पावाबरोबर खायचा. दारात आलेल्या कुणालाही नाही म्हणायचं नाही.

नवसाची गाय सगळ्यांत चांगल्या कुरणात चरायची, म्हणजे तळ्यांकडच्या. भर उन्हाळ्यातही तिथलं गवत हिरवं असे. तळी सरकारची. वरच्या अंगाच्या बड्या शेतांत पाणी साचून कापसाची मुळं कुजू नयेत म्हणून जमिनीखाली नळ टाकलेले. त्यांतून निथळलेलं घाण पाणी कालव्याने इथे आणून सोडायचं आणि वर त्याला पक्ष्यांचं अभयारण्य म्हणायचं.

एका वसंतात तळ्यांच्या कुंपणालगत देओलिंदाला शेकाट्या पक्ष्याचं घरटं दिसलं. एक अंडं फुटलं होतं. आतल्या पिल्लाला डोळेच नव्हते, चोच पिळवटलेली. पुढच्या घरट्यांतही तेच. तिने पाणीखात्याच्या साहेबाला आणून दाखवलं. तो म्हणाला, जमिनीतलेच क्षार आहेत, चौकशी चालू आहे. थोड्याच दिवसांत कुंपणावर पाटी लागली: इथली बदकं खाऊ नयेत, गरोदर बायकांनी तर मुळीच नाही.

गाईबद्दल पाटीवर अक्षर नव्हतं, आणि गाय तर त्याच पाण्याच्या पाझरावर वाढलेली.

तिचा धाकटा भाऊ बेल्मिरो त्या वर्षी सणाचा कारभारी होता. त्याने आधी समजावलं, मग टोमणे मारले. गाय धडधाकट आहे. नवस मोडलास तर वस्तीत तोंड कसं दाखवणार? आणि तुझ्या एवढ्याशा पाखरांपायी सगळ्यांनी उपाशी राहायचं का?

"बेल्मिरो, तुझी सून पोटुशी आहे," देओलिंदा म्हणाली. "तिच्या ताटात हा रस्सा तू वाढणार आहेस का?"



सणाच्या दिवशी तिने गाईला रिवाजाप्रमाणे कागदी फुलांनी सजवलं. सणात मिरवायचा मुकुट, बँड, पांढऱ्या झग्यांतल्या मुली, सगळी मिरवणूक मागे. जेवणाच्या सभागृहाच्या वळणावर मात्र देओलिंदा वळलीच नाही, सरळ तळ्यांकडे निघाली. बँड थांबला. मग आधी बेल्मिरो तिच्यामागे चालू लागला, आणि हळूहळू बाकीचे.

तिने गाय पाटीच्या खांबाला बांधली. पाणीखात्याचा साहेब फाटकातून धावत आला. बाई, ही सरकारी जागा आहे, गाय सोडा, म्हणू लागला.

"ही देवाला बोललेली गाय आहे," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "नवस माझा, तो मोडलात तुम्ही. आता फेडाही तुम्हीच."

साहेब पाटीकडे बघत राहिला.

त्या वर्षी पातेल्यात नुसता कोबी आणि पुदिना होता. देओलिंदाने स्वतः वाढलं. ताट पुढे करणाऱ्या प्रत्येकाला, मांस का नाही ते, ती पहिल्यापासून सांगत होती. रांग फार हळू सरकली. रांग सोडून मात्र कुणी गेलं नाही.