बुरशीअक्कांचा वाफा

बुरशीअक्का माणसाकडे पाहण्याआधी माती हुंगत. जयनगरातल्या आमच्या उद्यानात सकाळी शिरल्या की नमस्काराचे उत्तर मागाहून. आधी वाफ्यातली चिमूटभर माती नाकाशी. चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घराण्यातल्या या बाईंची हयात महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्तीनंतर उद्यान खात्याच्या लेखी परवानगीने त्यांनी तिथे सर्पगंधेचा वाफा लावला. तो अर्ज मीच लिहिला होता; वकिली सुटली तरी अर्ज लिहिण्याची खोड सुटली नव्हती.

मुळे कुजवणारा रोग मातीतल्या बुरशीमुळे होतो. तिच्यावर अक्का दुसरी बुरशी सोडत. ट्रायकोडर्मा तिचे नाव. शेणखत आणि निंबोळी पेंडीत ती कालवून ओल्या गोणपाटाखाली वाढवत, मग मुळांशी घालत. मी नाक मुरडले की म्हणत, "अण्णा, तुमच्या कोर्टापेक्षा ही बरी. चोराला धरते नि तिथेच खाते. तारीख देत नाही."

गेल्या पावसाळ्यात चार रोपांनी माना टाकल्या. अक्कांनी ती उपटली, खड्ड्यांत आपले खत भरले आणि स्वल्प थांबा म्हणाल्या. पंधरा दिवस वाफ्याला कोणी हात लावू नये, एवढेच त्यांचे मागणे होते. थांबणे माझ्या स्वभावात नाही. त्याच दुपारी मी खात्याला लिहिले, की रोगाचा तत्काळ बंदोबस्त व्हावा, अन्यथा वरिष्ठांकडे दाद मागावी लागेल.

माझ्या एकाही पत्रावर इतक्या त्वरेने कार्यवाही झाली नव्हती. तिसऱ्या दिवशी पंप घेऊन माणसे आली आणि त्यांनी अख्खा वाफा बुरशीनाशकाने भिजवला. रोगाची बुरशी कोणती आणि राखणदार कोण, हे विचारण्याची तरतूद त्यांच्या आदेशात नव्हती. राखणदार मेला. पाऊस मात्र थांबला नाही. खोलवर उरलेला रोग उलटला आणि महिन्याभरात नऊ वर्षांचा वाफा मुळांसकट कुजला.

मी संतापून पर्यवेक्षकाला जाब विचारला, या विध्वंसाला जबाबदार कोण ते लेखी मागितले. त्याने आदेशाची प्रत पुढे केली. संदर्भाच्या रकान्यात माझे पत्र होते. अक्का शेजारीच होत्या. त्यांनी कागद वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला.

"सरी, ठीक आहे अण्णा," त्या म्हणाल्या. "एकदा मला विचारायचं होतंत."

त्यानंतर त्या उद्यानात आल्या नाहीत. हिवाळ्यात गेल्या, मला चौथ्या दिवशी कळले.

आता त्या वाफ्यावर फरशी घालण्याचा खात्याचा घाट आहे. विरोधाचे पत्र लिहून तयार आहे, कलमांसह. ते पाठवण्याआधी कोणाला विचारावे, हे मला कळत नाही.