वन्संची एकटीची शाखा

माझ्या नणंदबाईंइतकी शिस्तीची संघटना अख्ख्या सिंगापुरात सापडायची नाही, आणि तिच्या सभासद फक्त त्या एकट्याच. वन्सं तरुणपणी अमेरिकेत शिकायला होत्या. तिथल्या कॉलेजात मुलींची सोरोरिटी होती, म्हणजे शपथ घेऊन एकमेकींना बहिणी मानणाऱ्यांचं मंडळ. त्यांची तीन ग्रीक अक्षरं, बिल्ला, मेणबत्ती आणि परक्याला मेलं तरी ऐकवायचं नाही असं एक गाणं. बाकीच्या बहिणी संसाराला लागून हे विसरल्याही असतील. आमच्या वन्संनी इथे सेंगकांगच्या आपल्या फ्लॅटमध्ये शाखा काढली! दरवर्षी निवडणूक होते, वन्सं बिनविरोध अध्यक्ष होतात आणि आभाराचं भाषण करतात. एकदा टॅक्सीवाल्यावर ओरडल्या, तर 'सौजन्य' या मूल्याचा भंग झाला म्हणून त्यांनी स्वतःला महिनाभर निलंबित केलं. "मग मंडळाचं काम कोण बघतंय?" मी विचारलं. "कोण बघणार? सगळं ठप्प आहे गं," म्हणाल्या, अगदी मनापासून वैतागून.

बिल्ल्याचं सोवळं तर विचारूच नका. साध्या कपड्यांवर तो लावायचा नाही, म्हणून वन्सं हॉकर सेंटरच्या उघड्या खाऊगल्लीत पैठणी नेसून, घाम पुसत लाक्साच्या तिखट नूडल्स खातात. घरच्या सत्यनारायणाला गुरुजींनी भाऊजींना, म्हणजे वन्संच्या यजमानांना, गोत्र विचारलं. उत्तर वन्संनी दिलं, तीन ग्रीक अक्षरांत. गुरुजी तांजोंग पगारच्या बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेले. त्यांनी घड्याळाकडे बघत तीच अक्षरं संकल्पात घातली आणि पुढे सरकले. स्थापनादिनाला मेणबत्ती लावून गाणं होतं, तेव्हा घरात परकं माणूस नको. नवरा परका! बिचारे भाऊजी इतकी वर्षं त्या दिवशी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, बुद्धिबळ खेळणाऱ्या चिनी आजोबांच्या घोळक्यात मुकाट बसून येतात.

वन्संचा जीव अडकला होता लेकीत. तिने अमेरिकेला जावं, त्याच मंडळात शपथ घ्यावी आणि ही मेणबत्ती पुढे न्यावी. पण लेकीने इथल्याच विद्यापीठात प्रवेश घेतला. "आई, हिअर डोन्ट हॅव ऑल दॅट लाह," म्हणाली आणि बॅग उचलून हॉस्टेलला गेली. वन्संनी बिल्ला डबीत घालून टाकला. "माझ्याबरोबर संपलं सगळं," म्हणाल्या. मला नेहमीसारखं हसता येईना.

यंदाच्या स्थापनादिनी मी गेले, तर भाऊजी सवयीने चपला घालत होते. "बसा हो घरातच. यंदा काही नाही," गाऊनमधल्या वन्सं म्हणाल्या. तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिची रूममेट घरच्या आठवणीने रडत होती, दोन दिवस धड जेवली नव्हती. "आई, रडणाऱ्या बहिणीला एकटं सोडायचं नाही, म्हणतेस ना? मी बसलेय तिच्याजवळ. पुढे काय करतात?"

पुढे ते गाणं म्हणतात. आणि लेक सभासद नाही. वन्संचा चेहरा मला बघवेना. शपथ त्यांनी जन्मात मोडली नव्हती. मग त्या उठल्या, डबीतला बिल्ला काढला आणि चक्क गाऊनवर लावला. भाऊजी पुन्हा दाराकडे निघाले, तर त्यांचा हात घट्ट धरला आणि फोनमध्ये गायला लागल्या. गाणं अगदी साधं होतं, आवाजही फाटत होता. भाऊजी खाली मान घालून ऐकत होते.

"नियम मोडला," डोळे पुसत वन्सं म्हणाल्या. "आता महिनाभर निलंबन."

"मग मंडळाचं काम?"

त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे दोन मुली बेसूर आवाजात तीच ओळ घोळवत होत्या.

"बघतील की दोघी," वन्सं म्हणाल्या.