लाय मिस्त्री आणि बोटभर माइक

ताइनान शहरात, कालव्यामागच्या गल्लीत, लाय चिनश्वेई यांनी एकेचाळीस वर्षं शिलाईची मशिनं दुरुस्त केली. गल्ली त्यांना लाय मिस्त्री म्हणे. पुढे तयार कपडे स्वस्त झाले, घरोघरची मशिनं भंगारात गेली आणि मिस्त्रींनी एक दिवस शटर ओढलं ते ओढलंच. बायको त्याआधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. हात मात्र गप्प बसेनात. मग वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर ते एकेक जुनं मशीन उघडायचे आणि कसं दुरुस्त करायचं त्याचे व्हिडिओ काढायचे.

चार-पाचशे माणसं ते बघत. कोण, कुठली, देव जाणे. पण सकाळी चहा घेताना त्यांचे निरोप वाचायचे, एवढंच काय ते मिस्त्रींचं माणसांशी बोलणं. अलीकडे मात्र सगळ्यांचा एकच सूर लागला होता. ‘मिस्त्री, सारखं घूं घूं ऐकू येतं.’ ‘तुमचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं.’ पिंगतुंगच्या एका शिंप्याने तर सरळच लिहिलं, ‘मशीन टाका बरोबर घेतंय की नाही, ते आवाजावरून कळतं. इथे आवाजच नाही. एखादा चांगला माइक घ्या की हो!’

मिस्त्रींनी शेवटचा व्हिडिओ पाच वेळा लावून पाहिला. घूं घूं काही ऐकू आली नाही. त्यांचा डावा कान पार गेला होता आणि उजवा अर्धामुर्धा उरला होता. पूर्वी मशीनची खोड ते कानाने ओळखत, आता चाकावर बोटं टेकवून ओळखत. आपलं काही अडत नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. सांगितलं कुणालाच नव्हतं.

स्टेशनजवळच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गल्ल्यापाशी एक चष्मेवाली बाई होती.

“काय टिपायचंय, काका? बोलणं की मशीन?”

“दोन्ही.”

तिने तीन माइक पुढे मांडले. एक कॉलरला लावायचा, चिमट्याचा. दुसरा कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा, बोटभर लांब, वर केसाळ टोपी. तिसरा दोन तोंडांचा, चहूबाजूंचं ऐकणारा. तिने तिन्हींवर एकच वाक्य बोलून घेतलं आणि मिस्त्रींच्या डोक्यावर हेडफोन चढवले.

“हा पहिला... हा दुसरा... आणि हा तिसरा. कळला ना फरक?”

“कळला तर!” मिस्त्री म्हणाले. तिन्ही वेळा त्यांना लांब कुणीतरी गोणी ओढतंय एवढंच ऐकू आलं होतं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यांनी तिन्ही माइक हातात घेऊन मशीनच्या भागासारखे उलटसुलट करून पाहिले. चिमट्याची स्प्रिंग चांगली कडक होती. “हा द्या.”

“आवडला नाही तर रविवारपर्यंत बदलून देऊ,” बाई म्हणाली.

नवा व्हिडिओ चढवला तर निरोप आणखीच वाईट. ‘मिस्त्री थुंकी गिळतात तेही ऐकू येतं. मशीन मात्र मुकं.’

आता कुणाच्या तरी कानाने ऐकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कुणाच्या, याचा विचार करायला मिस्त्रींना फार वेळ लागला नाही, कारण नावं फार निघेनातच. भाऊ उत्तरेला कीलुंगला. दुकानाचे सोबती कुठे कुठे पांगलेले. उरली खालच्या मजल्यावरची तू पावल्येन. कोपऱ्यावर तिचा दूधमासा नावाच्या माशाच्या पेजेचा गाडा होता. तिच्याशी तीन वर्षांत एक शब्द झाला नव्हता. तिनेच बोलणं टाकलं, असं मिस्त्री धरून चालले होते.

दुपारी ती नळाशी पातेली घासत होती. मिस्त्री कॅमेरा घेऊन समोर उभे राहिले.

“वहिनी, जरा काम होतं.”

पावल्येनचा हात थांबला. “अगंबाई! बोलता येतं म्हणजे तुम्हाला!”

“अं?”

“म्हटलं, तीन वर्षांनी तोंड उघडलंत!” तिने आवाज चढवला. “जिन्यात रोज हाका मारायचे मी. मिस्त्री, जेवलात का? मिस्त्री, पेज देऊ का? भिंत तरी बरी! शेवटी म्हटलं, जाऊ दे, आपल्याला माशांचा वास येतो, त्याचा राग असेल.”

“कधी मारल्यात हाका?”

“कधी म्हणजे?”

मिस्त्रींनी कॅमेरा काखेत धरला. मग म्हणाले, “मला ऐकू येत नाही, वहिनी.”

पावल्येनने सदऱ्यालाच हात पुसले. “अहो, मग सांगायचं नाही का?”

“कुणाला?”

तिने पातेली तशीच नळाखाली टाकली. ती वर आली, खुर्ची ओढून बसली आणि हेडफोन लावून तिने दोन्ही व्हिडिओ शेवटपर्यंत ऐकले. मग मिस्त्रींच्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश सांगू लागली.

“ती घूं घूं तुमच्या फ्रिजची. नळ गळतोय, तो टपटप ऐकू येतो. या नव्या माइकात तुमची कॉलर खरखरते आणि मशीन शेजारच्या गल्लीत चालल्यासारखं वाटतं. आणि मिस्त्री, दर वाक्यानंतर तुम्ही ‘हं’ म्हणता. कुणी उत्तर दिल्यासारखं.”

“मी?”

“तुम्हीच. दुसरं कोण आहे इथे?”

रविवारी दोघं दुकानात गेली. पावल्येनने हेडफोन असे लावले, जणू माल पारखायला आली होती. गाड्यावरच्या गोंगाटात कुणी कांदापात नको म्हटलं नि कुणी आलं जास्त म्हटलं, हे वीस वर्षं बिनचूक ऐकलेले कान ते. दोन तोंडांचा माइक तिने क्षणात बाजूला सारला. “हा नको. हा सगळ्या जगाचं ऐकतो, माझ्या गाड्यावरच्या म्हाताऱ्यांसारखा.” मग बोटभर माइक. “हे काय, उंदीर बसवलाय की काय वर? पण हा गुणी आहे. ज्याच्याकडे तोंड, त्याचंच ऐकतो.”

“हातभर अंतरावर ठेवा,” चष्मेवाली म्हणाली. “लांब ठेवलात की आवाज विहिरीतून आल्यासारखा होईल.”

घरी आल्यावर फ्रिज बंद केला, नळाला फडकं बांधलं. मिस्त्रींनी १९६२ सालचं काळं मशीन टेबलावर घेतलं आणि चाक फिरवलं. पावल्येन डोळे मिटून ऐकत होती. “थांबा,” ती म्हणाली, “मधेच एक टक्‌ जास्त येतंय.” खालचा धागा फिरवणाऱ्या शटलमध्ये धाग्याचा तुकडा अडकला होता. मिस्त्रींच्या बोटांना तो कळला नव्हता.

त्या व्हिडिओवर पिंगतुंगच्या शिंप्याने लिहिलं, ‘आता कसं! अगदी शेजारी बसल्यासारखं वाटलं.’

असे सात व्हिडिओ झाले. गाडा आवरला की पावल्येन यायची. आता ती हाक मारत नसे, जिन्याचा लोखंडी कठडा लाटण्याने बडवायची; त्याची थरथर मिस्त्रींना पायात कळायची. कानाच्या डॉक्टरकडे जा, म्हणून ती दर वेळी पाठीस लागे आणि ते दर वेळी पुढच्या आठवड्यावर ढकलत. मग ह्वालियेनला तिच्या लेकीला जुळं झालं. पावल्येनने गाडा विकला, बोचकी बांधली आणि ती डोंगरापलीकडे निघून गेली. खालच्या मजल्याला कुलूप लागलं.

आठवा व्हिडिओ मिस्त्रींनी एकट्याने काढला. सुरुवातीला ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, “मला ऐकू येत नाही. एक वहिनी ऐकून सांगायच्या, त्या परगावी गेल्या. आवाजात खोट असेल तर लिहा.”

दुसऱ्या दिवशी बरेच निरोप आले. शिंप्याचा होता, ‘आवाज फक्कड आहे. फक्त शेवटी खाली कुणीतरी बराच वेळ दार वाजवत होतं. तुम्ही उठला नाहीत.’

मिस्त्री खाली धावले. दाराच्या फटीत पोस्टमनची चिठ्ठी खोचलेली होती. पोस्टातून त्यांनी खोकं सोडवून आणलं. आत रताळ्याच्या वड्या होत्या आणि पावल्येनचं पत्र होतं. ‘फोन केला तर तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून लिहिते. पोरं दिवसभर रडतात, इथे मला माझंच बोलणं ऐकू येत नाही. डॉक्टरकडे गेलात का? तुमचं कसं चाललंय ते सविस्तर लिहा.’

त्याच आठवड्यात मिस्त्री डॉक्टरकडे जाऊन आले. उजव्या कानाला यंत्र बसेल, डाव्याचा उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. पत्राच्या उत्तरात त्यांनी ते लिहिलं. माइक चांगला चालतोय, हेही लिहिलं. ते उत्तर लिहायला एकूण चार दिवस लागले. सविस्तर लिहायला बसले खरे, पण सांगण्यासारखं अर्ध्या पानाच्या वर काही निघेना.