पडदेवाल्या काकूंचं घर

नोंदणी कचेरीपासून अर्धा रस्ता चालून झाला, तरी काकूंनी चावीचं नाव काढलं नव्हतं. सह्या झाल्या, अंगठे उमटले, फोटो निघाले. कागदोपत्री काकूंचं घर शाळेतल्या बाईंचं झालं. चावी मात्र काकूंच्या कापडी पिशवीत होती, आणि ती पिशवी त्यांनी काखेत घट्ट दाबून धरली होती. बाईंनी विचारायचं कसं? ज्या माउलीने एवढं केलं तिच्यापुढे हात पसरून चावी मागायला जीभ रेटेना.

संध्याकाळी रुग्णवाहिका सांगून ठेवलेली होती. बाईंचे वडील पक्षाघाताचा झटका आल्यापासून अंथरुणाला खिळले होते आणि भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. त्यांना दवाखान्यात न्यायचं तर आधी चार माणसांच्या विनवण्या करा, मग खुर्चीला बांधून जिना उतरवा. प्रत्येक वळणावर म्हातारा डोळे मिटून घ्यायचा. त्यात घरमालकाने खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. उद्या तिथे दुसरं बिऱ्हाड येणार होतं. आज चावी मिळाली नाही तर वडिलांना ठेवायचं कुठे?

तळमजल्याची घरं बाईंनी बरीच पाहिली होती. पण महिन्याच्या आत ताबा हवा म्हटलं की समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवायचा. काकूंनी मात्र आधी विचारलं, कोण आजारी आहे? मग म्हणाल्या, करू. नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं, गावातच राहणारी लेक आपल्याकडे बोलावत होती, जायचं तर होतंच. तेव्हापासून काकू रोज एक काम पाठीवेगळं करत गेल्या. विजेच्या बिलावरचं नाव बदलायचा अर्ज भरला, गॅसची जोडणी परत केली, सोसायटीच्या चिटणीसाच्या दारात बसून ना-हरकतीचा कागद मिळवला. कपाटं लेकीकडे रवाना झाली, खाट गेली, शेवटी तर त्या सतरंजीवर झोपत होत्या. बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. रोज प्रार्थनेला मुलांसोबत डोळे मिटले की त्यांच्या मनात आधी काकू यायच्या, मग देव.

मघाशी दलालाने गाडीतून सोडतो म्हटलं होतं. काकूंना गाडी लागते, म्हणून त्या चालत निघाल्या आणि बाई त्यांच्या सोबतीला. दलाल दोन्ही कानांना दोन फोन लावून भुर्रकन गेला, तेव्हा काकू म्हणाल्या, "हा जेवायला बसतानाच हात धुवायला पाणी मागत असेल." बाई हसल्या.

पिठाच्या गिरणीपुढच्या कठड्याशी काकू थांबल्या, पदराने जागा पुसली आणि बसल्या.

"बाई, एक घोळ झालाय. घर रिकामं नाही."

बाईही शेजारी टेकल्या.

मग काकूंनी सगळं सांगितलं. त्यांचा धंदा पडदे शिवायचा. पडदा शिवून झाला की त्या खालची दुमड तेवढी मोकळी सोडत आणि पडदा दोरीवर टांगून ठेवत. कापड आपल्या वजनाने हळूहळू खाली येतं, कुठे कमी, कुठे जास्त. ते यायचं थांबलं की मग खालची शिलाई. सगळ्या खोल्यांतून छतालगत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर कायम कोणाचे ना कोणाचे पडदे. त्यांच्यातून वाट काढतच लेक लहानाची मोठी झाली. घर रिकामं करायचं म्हणून काकूंनी चमचासुद्धा मोजून बांधला, पण पडदे काही त्यांच्या हिशेबात आले नाहीत. आले कसे असते? पडदे म्हणजे त्यांच्या लेखी सामान नव्हतंच, घरातली हवा होती. काल रात्री सतरंजीवर आडव्या झाल्या, वर पाहिलं, तेव्हा कुठे ते दिसले.

इस्पितळाच्या नव्या वॉर्डाचे पडदे होते ते, दोन खाटांच्या मधे लावायचे. पुढच्या आठवड्यात तिथे रोगी यायचे होते. पडदे काढून लेकीकडे न्यावेत, तर तिचं छत ठेंगणं. आणि एकदा घडी पडली की पुन्हा पहिल्यापासून टांगणं आलं. तेवढे दिवस नव्हते.

"आजच शिवून टाकले तर?" बाईंनी विचारलं.

"टाकते की. तुम्हाला शब्द दिलाय, तो मोडायचा नाही. तुमची रुग्णवाहिका येईपर्यंत उरकेन कसंबसं. पण मग एक कोपरा फरशीवर लोळणार न् दुसरा वर राहणार. वॉर्डातली घाण सगळी त्याला." काकूंनी पिशवी मांडीवर घेतली. "दुसऱ्या कुणाचे असते तर शिवलेही असते हो."

ऐन तारुण्यात काकूंच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं होतं. वॉर्डात खाटेला खाट लागून, मधे आडोसा कसला तो नाही. त्याचं अंग पुसायचं म्हटलं की सगळा वॉर्ड बघणार, आणि तो भला दांडगा माणूस लाजेने भिंतीकडे तोंड करायचा. पलीकडच्या खाटेवरच्या रोग्याची बायको, ओळख ना पाळख, एक दिवस उठली आणि चादर दोन्ही हातांत ताणून पाठमोरी उभी राहिली. मग रोजच. तिचा माणूस काही वाचला नाही. ज्या सकाळी तो गेला, त्या सकाळीसुद्धा तिने चादर धरली होती. काकूंचा नवरा घरी आला, पुढे म्हातारा होऊन गेला. त्या बाईचा पत्ता विचारायचं काकूंना सुचलंच नाही. शिलाईचं यंत्र घेतल्यावर पहिलं काम त्यांनी इस्पितळातच जाऊन मागितलं.

गिरणीतली घरघर थांबली, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की आपण डोळे पुसतोय.

"काकू, राहू देत पडदे तिथेच," त्या म्हणाल्या. "आमची खाट त्यांच्यातच टाकू. आमचं सामान तरी असं कितीसं आहे? तुम्ही रोज या, कापड बघा, उतरलं की शिवा. यंत्रही असू दे."

नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा काढून काकूंनी पदराने पुसला, परत लावला, आणि पिशवीतून चावी काढून बाईंच्या तळहातावर ठेवली. तळहात दोन्ही हातांनी मिटवला.

बाईंनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. केवढं मोठं ओझं उतरलं होतं. काकूंचे उपकार कसे फेडायचे, असं काहीतरी त्या बोलूनही गेल्या.

"उपकार कसले? पण एक ऐकाल माझं?" काकू उठता उठता म्हणाल्या. "‘हो’ तुम्ही म्हणालात. पण तिथे झोपायचंय तुमच्या वडिलांना. डोक्यावर नुसते पांढरे पडदे, तेही इस्पितळाचे. आत्ता घरी गेलात की आधी त्यांना विचारा. बोलता येत नसेल तर हाताने सांगतील, पण विचारा. ते नको म्हणाले तर मला निरोप न् चावी धाडा, मी यंत्रावर बसते आणि आजच शिवून देते."