आमची विहीर, त्यांचा शोषखड्डा

"तुना हात लागना म्हनीसन ते पाणी काळं व्हयनं."

शेजारच्या बंगल्यातले नाना असं म्हणाले. झोपाळ्यावर बसून, पायाने हळूहळू झोका देत. ओट्यावर चहा पीत बसलेले दोघे फिदीफिदी हसले. मी खाली अंगणात उभी. हातात दोन छोट्या बाटल्या. एकीत आमच्या विहिरीचं पाणी, दुसरीत नानांच्या बोअरचं. दोन्ही काळ्याकुट्ट. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईने मला त्या पाणी तपासायला दिल्या होत्या. पाण्यात मैला मिसळला असेल तर एका दिवसात बाटली काळी पडते. तिला जात कळत नाही.

पण नानांना कळते. माझी कानशिलं तापली. घरात माझी आठ वर्षांची पोरगी काविळीने पिवळी होऊन पडली होती, आणि हा माणूस मला माझ्या हाताचा विटाळ सांगत होता.

शिंदखेडा तालुक्यातलं आमचं गाव. नवरा नरडाण्याला एका कंपनीत कामाला जातो. बौद्धवाड्याच्या शेवटच्या ओळीत आमचं घर, मागे परसात विहीर. विहिरीपलीकडे भिंत, भिंतीपलीकडे नानांची जागा.

ही विहीर सासऱ्यांनी आणि सासूबाईंनी स्वतः खणली. त्याआधी पाणी मागून आणायचं. कुणाच्या मळ्यावर, कुणाच्या मर्जीवर, लांब उभं राहून. सासऱ्यांनी एक दिवस घागर आपटली आणि कुदळ उचलली. मुरूम लागला, मग काळा खडक. तरी थांबले नाहीत. पाणी लागलं तेव्हा सासूबाई खाली उतरून ओंजळीने गढूळ पाणी प्यायल्या म्हणे. वरून वाढणारं कुणी नव्हतं.

म्हणून त्या विहिरीचे नियम कडक. कठड्याजवळ चप्पल नाही. शेळी जवळ बांधायची नाही. धुणं लांब, मोरीचं पाणी उताराकडे. विहिरीची बादली वेगळी, ती जमिनीवर टेकवायची नाही. तोंडावर जाळी. पावसाळ्यात पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर बादलीत कालवायची, निवळू द्यायची आणि वरचं निवळ पाणी आत सोडायचं. मी लग्न होऊन नवीन आले तेव्हा चेष्टा करायचे, "आत्याबाई, तुमचं सोवळं तर भटाच्या वर गेलं."

"सोवळं नही वं," त्या म्हणायच्या. "ज्यानी मांगी मांगी पाणी पिधं, त्यालेच त्यानी किंमत."

मग नानांनी बंगला बांधला. घरात संडास आला. आता संडास घरात म्हटल्यावर त्याचा शोषखड्डा कुठेतरी हवा. पुढे तुळस, म्हणून पुढे नको. एका बाजूला देवघर, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर. घराजवळ मैला कसा चालेल? बाटेल ना सगळं! मग खड्डा नेला पार मागे, आमच्या भिंतीला चिकटून. बिनतळाचा. भिंतीच्या अलीकडे दोन पावलांवर आमची विहीर. त्यांची स्वतःची बोअरही त्याच मागच्या कोपऱ्यात आहे, हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. घाण आमच्या वाड्याच्या दिशेला लोटली की ती संपली, ही पिढ्यांची सवय. जमिनीखाली भिंत नसते, हे त्यांना कोण सांगणार?

नवऱ्याने सांगून पाहिलं. नाना म्हणाले, "जागा मनी शे. मी काहीबी खंदसू."

पहिल्याच पावसाळ्यात विहिरीला वास सुटला. पावडर टाकली. वास गेला, पुन्हा आला. मग पोरीला ताप आला, उलट्या झाल्या, डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आलंय, उकळल्याशिवाय थेंब देऊ नका.

मी नानांकडे गेले. वाटलं होतं चिडतील. ते उलट गोड झाले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"मना घरनं पाणी लई जाय," ते म्हणाले. "हंडा बाहेर ठेवजो. पन पंचायतमा बोंब मारू नको."

पोर आजारी. मी मान हलवली. रोज दुपारी फाटकाबाहेर हंडा ठेवायचा आणि चार पावलं मागे सरायचं. नानांची सून पाईप घेऊन यायची. धुळ्याला देवपुरात शिकलेली पोर. हंड्याला लागू नये म्हणून पाईप छातीइतका वर धरायची. अर्धं पाणी हंड्यात, अर्धं मातीत. हंडा भरला की नानांची बायको आतून ओरडायची, "तोंड धुई टाक त्या पाईपनं!" आणि सून माझ्यादेखत पाईपचं तोंड धुवायची. मी हंडा उचलायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

ज्या बाईने विहीर खणून मागणं संपवलं, तिच्याच घरात मी मागून आणलेलं पाणी भरत होते. सासूबाई त्या हंड्याकडे बघायच्याही नाहीत.

आशाताई पोरीला बघायला आली तेव्हा मी म्हटलं, दोन्ही पाणी तपासू. दोन्ही बाटल्या काळ्या झाल्या. मी त्या कितीतरी वेळ बघत बसले. ज्या पाण्यासाठी मी मान खाली घालत होते, त्यातही तोच मैला होता. आणि त्या घरातही एक लहान नातू होता. तो ते न उकळता पीत होता. म्हणून मी बाटल्या घेऊन गेले. भांडायला नव्हे, सांगायला गेले होते. तर हे उत्तर.

चोर तो चोर, वर शिरजोर. ओट्यावरचे दोघे अजून हसतच होते. माझ्या पिशवीत एक कोरी बाटली शिल्लक होती. मी ओट्याची पायरी चढले. आयुष्यात पहिल्यांदा.

हसू थांबलं.

"खाले उतर," नाना म्हणाले.

"उतरते. माझा हात लागला म्हणता ना? मग आता वहिनींच्या हाताने भरा."

मी बाटली पुढे धरली. सून दारातच उभी होती. तिने सासऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे येऊन बाटली सरळ माझ्या हातातून घेतली. नानांना नाही म्हणता येईना. सुनेच्या हातची बाटली काळी होणार नाही, याची त्यांना खात्री होती.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीवरून हळूच म्हणाली, "ताई, काळीच झाली."

"मग नानांना सांगा."

"त्यांनी पाहिली. कुणाला तरी फोन लावला."

संध्याकाळी बंगल्यासमोर टेम्पो थांबला. पाण्याचे जार उतरले. तेव्हापासून ते घर जारचं पाणी पितं. खड्डा जिथे होता तिथेच आहे. म्हणजे पाणी घाण आहे हे त्यांना पटलं. फक्त आमच्यासाठी काही करावं, हे पटलं नाही. त्या दिवसापासून मी फाटकाबाहेर हंडा ठेवणं बंद केलं.

ग्रामसभेत मी उभी राहिले. सगळं सांगितलं. सरपंच समजूत काढायला लागले, "हे बघा, नाना तुमच्या घरापर्यंत पाइपलाइन टाकून देतील. बोअरमध्ये पावडर टाकू. तुम्ही ती विहीर बुजवून टाका. विषय संपला."

माना डोलल्या. आमच्या वाड्यातल्यासुद्धा. सासूबाईंनी माझा पदर ओढला. "तो नळ लई टाक, माय. किती भांडशी? बुजी टाक ती हीर." हे त्या म्हणाल्या! आणि बोलताना त्यांचे ओठ थरथरत होते. मला नानांचा जेवढा राग आला नव्हता तेवढा त्या थरथरीचा आला. विहीर खणताना न दमलेली बाई या लोकांनी म्हातारपणी दमवली होती.

बायकांच्या घोळक्यात नानांची सून होती. मी तिला विचारलं, "वहिनी, तुम्ही भरलेली बाटली काळी झाली ना?"

ती पदर सारखा करत राहिली. भिंतीवरून बोलणं वेगळं, चारचौघांत बोलणं वेगळं. मी तिचा नाद सोडला.

सरपंचांना विचारलं, "त्या पाइपलाइनचा कॉक कुणाच्या अंगणात राहणार?"

सरपंच नानांकडे बघायला लागले. नाना म्हणाले, "मना अंगनमा. पाणी मनं शे."

"मग नको."

गलका झाला. कुणी म्हणालं, फुकट मिळतंय तर माज बघा. मी बसले नाही. गलक्यात माझा आवाज बुडत होता. तरी बोलले.

तालुक्याला तक्रार दिली आहे. अजून कुणी आलेलं नाही. पोरगी आता शाळेत जाते, पण जिना चढताना दमते. घरात चुलीवर पाणी उकळत असतं. सासूबाई बोलत नाहीत. नवरा म्हणतो, गाव आपल्याला जड जाईल. जाईल. पण विहीर मी बुजवणार नाही. प्रत्येक ग्रामसभेत उभी राहणार. विषयपत्रिकेत नसेल तरी उभी राहणार, माईक काढून घेतला तरी उभी राहणार. तालुक्याने ऐकलं नाही तर जिल्ह्याला जाणार. तिथे कुणी विचारलं, बाई, तुम्हाला पाणी पाहिजे का, तर माझं उत्तर तयार आहे.

पाणी आमचं आम्ही काढलं आहे. तुमची घाण उचला.