ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं

मी काही शांत बाई नाही. शिरूरच्या एका शाळेत शिकवते, आणि माझा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा गप्प होतात. कॉम्प्युटरसमोर बसले की हा स्वभाव जरा जास्तच उफाळतो, कारण पोरं निदान घाबरतात, कॉम्प्युटर घाबरत नाही.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मी रजा काढून खुटबावला माहेरी आले होते. शाळेत चाचणी तोंडावर आलेली, प्रश्नपत्रिका करून पाठवायची होती, आणि माझ्या लॅपटॉपनं नेमकी तेव्हाच मान टाकली. घरात धाकट्या भावाचा जुना कॉम्प्युटर होता. भाऊ घरातून गेल्यापासून कॉम्प्युटरवर चादर पडलेली. ती काढली, धूळ झटकली, बटण दाबलं, तर बिचारा पहिल्या फटक्यात सुरू झाला. मी खूश. मोबाईलचं नेट जोडलं आणि तिथंच माती खाल्ली. नेट मिळताच त्यानं मला न विचारता अपडेट घ्यायला सुरुवात केली, बंद पडला, पुन्हा सुरू झाला, आणि पडद्यावरची सगळी अक्षरं वांग्याएवढी झाली. प्रश्नपत्रिकेच्या जेमतेम तीन ओळी दिसत होत्या. खालची बटणं पडद्याच्या बाहेरच गेली होती.

सेटिंगमध्ये गेले. रिझोल्यूशनचा चौकोन फिकट राखाडी पडलेला. त्यावर कितीही क्लिक केलं तरी ढिम्म. मला हा प्रकार शाळेतल्या कॉम्प्युटरमुळे माहीत होता. अपडेटच्या भानगडीत डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा छोटा प्रोग्रॅम, उडाला की असं होतं. तो पुन्हा टाकला की सगळं जागेवर येतं. दहा मिनिटांचं काम. पण मी आधी दहा मिनिटं त्या कॉम्प्युटरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तेवढ्यात आप्पा, माझे वडील, कांद्याला पाणी देऊन घरात आले.

"काय झालं गं?"

"काही नाही आप्पा, याचं सेटिंग लॉक झालंय."

आप्पा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तो राखाडी चौकोन त्यांनी वाकून बघितला. मग म्हणाले, "लॉक कुनी लावलंय?"

मला हसूच आलं. पण आप्पा हसत नव्हते.

आप्पांची सगळी नोकरी कुरकुंभला केमिकलच्या एका कारखान्यात गेली, कंट्रोल रूममध्ये, पॅनेलसमोर. तिथला एक नियम आम्ही भावंडं लहानपणापासून ऐकत आलो. मशीन दुरुस्तीला काढलं की काम करणारा माणूस त्याच्या स्विचला स्वतःचं कुलूप घालतो आणि वर आपलं नाव आणि कारण लिहिलेली पाटी अडकवतो. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग मॅनेजर का असेना, कारण आत माणूस असला आणि कुणी स्विच चालू केला तर संपलंच. एकदा एक फिटर कुलूप काढायचं विसरून भाच्याच्या लग्नाला गेला, तर आप्पांनी त्याला वरातीतून बोलावून घेतलं होतं. फेटा बांधलेला तो माणूस कुलूप काढून पुन्हा वरातीत गेला. ही गोष्ट आप्पा इतक्यांदा सांगायचे, की शेवटी शेवटी आम्हीच ती त्यांना सांगायचो.

"आप्पा, हे तसलं लॉक नाही," मी म्हणाले. "सकाळी तर हे..."

"त्याचंच असंल," खाटेवरून आईचा आवाज आला. काळा चष्मा लावून ती पडून होती. "त्यानंच लावून ठिवलं असंल जाताना. त्याला इचारा."

मी मान वळवून आईकडे बघितलं. सकाळपासूनची माझी सगळी बडबड तिनं ऐकली होती. कॉम्प्युटर नीट चालू झाला, अपडेटनंतर बिघडला, मी काय काय शिव्या दिल्या, सगळं तिला ठाऊक होतं. तिचं तोंड इतकं साळसूद होतं की मीही गप्प बसले.

"त्याला" म्हणजे माझ्या भावाला. घरात त्याचं नाव निघत नव्हतं. आप्पांनी स्वतःचा शब्द टाकून त्याला आपल्याच कारखान्यात, आपल्याच पॅनेलवर लावलं होतं. त्याला लागून सहाएक महिने झाले असतील. एके दिवशी शिफ्ट चालू असताना, पुढचा माणूस आलेला नसताना, तो जागा सोडून उठला आणि सरळ गेटबाहेर निघून गेला. पॅनेलवरच्या माणसाच्या दृष्टीनं याहून मोठं पाप नाही. घरी आल्यावर आप्पांनी त्याला एवढंच विचारलं, "जागा का सोडलीस?" त्यानं उत्तर दिलं नाही. चार दिवसांनी कोरेगाव भीमाला खोली घेऊन तो गेला, तिथल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामाला लागला. तेव्हापासून, म्हणजे दोनेक वर्षं, बाप-लेक एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. आईच्या ऑपरेशनलाही तो आला नाही, कारण आप्पा तिथं असणार. आई त्याच्याशी माझ्या फोनवरून बोलायची आणि आप्पांची चाहूल लागली की फोन माझ्या हातात कोंबायची. तिला तो घरी यायला हवा होता, दुसरं काही नको होतं. मला तिचं वाईट वाटायचं आणि त्या दोघांचा संताप यायचा.

आप्पा बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले. त्याचं कुलूप आहे म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला, म्हणजे मला, हात लावू देणं त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. आणि त्याला बोलवायचं तर फोन करावा लागणार.

"लाव फोन," ते म्हणाले.

मी लावला, स्पीकर सुरू केला आणि त्यांच्या हातात दिला.

"बोल ताई," भावाचा आवाज आला. मागं कारखान्याची घरघर.

आप्पांनी घसा खाकरला. "मी बोलतोय."

तिकडं नुसती घरघर. फोन कट झाला की काय म्हणून मी वाकून बघितलं.

"हितं तुज्या कॉम्प्युटरला लॉक हाय," आप्पा म्हणाले. "बहिणीचं काम आडलंय. त्ये रिझोल्यूशन का काय, त्ये हालत न्हाई."

ज्याचं पोटच या कामावर चालतं, त्याला दुखणं ऐकताक्षणीच कळलं असणार. आता हा शहाणा 'आप्पा, ड्रायव्हर टाका' म्हणणार, आणि सगळं मुसळ केरात जाणार, या भीतीनं मी डोळेच मिटले.

"व्हय," भाऊ म्हणाला. "माझंच हाय."

"मंग काढ की."

"फोनवरनं न्हाई निघायचं, आप्पा. यावं लागंल."

"कवा येतूस?"

"ऐतवारी सुट्टी हाय."

"ये मंग."

आप्पांनी फोन माझ्याकडे दिला आणि मोटर बंद करायचं निमित्त करून बाहेर गेले. आईनं चादर नाकापर्यंत ओढून घेतली. ती हसत होती का रडत होती, ते चष्म्यामुळे कळलं नाही.

रविवारपर्यंत माझे हाल कुत्रं खाईना. आप्पांनी बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर 'काम चालू आहे, हात लावू नये' असं लिहिलं आणि सुतळीनं कॉम्प्युटरच्या बटणावर बांधून टाकलं. हात लावायची माझी छाती झाली नाही. आख्खी प्रश्नपत्रिका मी हातानं लिहिली, फोटो काढून शाळेला पाठवली आणि मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली.

रविवारी सकाळी आप्पा कुणी न सांगता केडगावला जाऊन मटण घेऊन आले. दुपारी भावाची मोटारसायकल दारात वाजली. तो वाळला होता. आईनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून इतक्या जवळून बघितला, की मला तिला डोळ्याची आठवण करून द्यावी लागली. आप्पा "आला का" म्हणाले आणि कॉम्प्युटरकडे गेले. पुठ्ठा त्यांनी सोडला नाही, त्याला सोडायला लावला. मग शेजारी स्टूल ओढून ताठ बसले.

भावानं खिशातून पेनड्राइव्ह काढला. पडदा काळा झाला. आप्पांचा हात नकळत टेबलाच्या कडेवर घट्ट बसला. क्षणभरानं पडदा उजळला, अक्षरं बारीक झाली, सगळं जिथल्या तिथं आलं.

"झालं," भाऊ म्हणाला.

"निघालं?"

"निघालं."

आप्पांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "लावलं कशापायी व्हतंस?"

भाकरीच्या पिठाचे हात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हा प्रश्न येणारच होता. कुलूप लावणाऱ्याला कारण सांगावं लागतं, ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं, तरी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. आई खाटेवर उठून बसली. भाऊ माऊसवर हात ठेवून पडद्याकडे बघत राहिला. काहीतरी थाप मार रे बाबा, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

"आप्पा," तो म्हणाला, "त्या दिशी पॅनेलवर एकदम चार-पाच अलार्म वाजाया लागलं. मला काय सुचंना. हात गार पडलं. मला लई भ्या वाटलं, आप्पा. म्हनून उठलो." त्याचा आवाज फाटला. "तुमी इचारलं तवा सांगाया लाज वाटली."

आप्पा त्याच्याकडे बघत नव्हते, पडद्याकडेच बघत होते.

"मलाबी वाटायचं," ते म्हणाले.

भावानं मान वर केली.

"रोज वाटायचं. चौफुल्याला कंपनीची बस दिसली का पोटात गोळा यायचा. रिटायर झालो त्या दिसापतोर."

आई खाटेवरून खाली उतरली. इतकी वर्षं पहाटे उठून तिनंच त्यांच्या हातात डबा दिला होता.

"अहो, मला कवा बोलला न्हाईत," ती म्हणाली.

"बोललो असतो," आप्पा म्हणाले, "तर जायाला झालं नसतं."