अल्सर निघाला, आता पहिलं ताट माझं

मैत्रिणींनो, कॉलनीच्या फळ्यावर हे मुद्दाम लिहितेय. पुसू नका.

आज सकाळी बंगलोरच्या इस्पितळात मला खडूसारखं पांढरं बेरियम पाजून पोटाचा एक्स-रे काढला. अल्सर निघाला.

डॉक्टर ह्यांना म्हणाले, "यांना उपाशी ठेवू नका."

"पोट माझं आहे, मला सांगा," मी म्हटलं.

"सरी अक्का," म्हणजे 'बरं ताई', असं कानडीत म्हणत डॉक्टर माझ्याकडे वळले. "जेवता कधी?"

"सगळ्यांचं आटोपल्यावर. काही उरलं तर."

ह्यांनी मान खाली घातली.

घरी येऊन मी आधी माझं ताट वाढलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पुरुषमाणसं जेवायची आहेत अजून!"

"जेवतील की," म्हटलं आणि दूधभात कालवून पोटभर जेवले.

उद्या तुमच्या घरी तुमचं ताट कितवं?